गाव खाली बसवणारा दम

धाकट्याची गोष्ट सांगायला बसलं की हल्ली मला आधी धाप लागते. वयानं लागते, असं डॉक्टरचं म्हणणं. मला विचाराल तर ती गोष्टच आता फार वाढलीय. पहिल्यांदा मी सांगायचो तेव्हा तो तीन गडी अंगावर घेऊन मधल्या रेघेवर यायचा. मग पाच झाले. गेल्या उन्हाळ्यात मी अकरावर गेलो, तेव्हा शिंपी म्हणाला, "अहो, समोर सातच होते की."

"उरलेले चार बघ्यांतले. त्यांनाबी राहवलं न्हाय."

शिंप्यानं बशीत चहा ओतला. पूर्वी असा सोडायचा नाही तो.

धाकट्याला गावात खेळताना बघितलेले आम्ही तिघंच उरलोय. मी, शिंपी आणि मास्तर. जळकोटच्या अलीकडं हायवेवर आमच्या गावचा फाटा आहे, तिथल्या हॉटेलाच्या बाकड्यावर बसतो. ट्रक जातात, धूळ चहात पडते, तशीच पितो. शेजारची पोरं क्रिकेटचं बोलत असतात. आम्हाला कुणी विचारत नाही, पण आम्ही सांगतो. त्याला पहिल्यांदा कुणी ओळखलं यावर तिघांचं भांडण ठरलेलं. खरं म्हणजे भांडायचाही आता कंटाळा आलाय. पण सोडून दिलं तर दुपार कशानं ढकलायची?

निजामी गेली तेव्हा आम्ही पोरसवदा होतो. मग आम्हाला सांगितलं, तुम्ही भारतात आलात. मग सांगितलं, मुंबई राज्यात आलात. मग सांगितलं, महाराष्ट्रात आलात. आम्ही गाव सोडून कुठंच गेलो नव्हतो. राज्यंच येऊन जाऊन होती. त्या येण्याजाण्याच्या वर्षांत आमच्या भागात हुतुतूचं वेड भरलं होतं. एका बाजूला किती गडी असावेत याला नियम नव्हता. वावरात मावतील तेवढे. पुढं मास्तर नव्यानं शाळेवर आले, त्यांनी चुन्याच्या रेघा आखल्या, सात गडी ठरवले आणि या खेळाला आता कबड्डी म्हणायचं असं जाहीर केलं. गावानं मान डोलावली आणि हुतुतूच म्हणत राहिलं.

दोघं भाऊ होते. बाप लवकर गेलेला, घरात आई आणि विहिरीवर एक मोट. मोटेला दोन माणसं लागतात. एकानं बैल हाकायचे, दुसऱ्यानं खाली वाफ्यात दारं धरायची, म्हणजे पाणी या सरीतनं त्या सरीत वळवायचं. थोरला मोट हाणायचा, धाकटा दारं धरायचा. खेळातही तीच वाटणी. थोरला कोपऱ्यात उभा राहून आलेल्या गड्याचा घोटा धरायचा. त्यानं घोटा धरला की माणूस सुटण्यापेक्षा घोटाच सुटेल अशी भीती वाटायची. एकदा नळदुर्गचा एक पैलवान आपला धरलेला पाय सुटावा म्हणून देवाला नवस बोलला होता. देवानं ऐकलं, थोरल्यानं नाही.

आणि धाकटा दम घेऊन पलीकडं जायचा.

आता आमच्या गावची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धाकट्यानं दम सुरू करून मधली रेघ ओलांडली की रेघेबाहेर उभं असलेलं अख्खं गाव आपापला श्वास कोंडून धरायचं. ज्याचा श्वास सुटेल त्यानं तिथंच खाली बसायचं. कुणी लावली ही रीत, कुणास ठाऊक. शिंपी म्हणतो त्यानं; मास्तर म्हणतात त्यांनी; मी गप्प बसतो, कारण ती मीच लावली. तर सुरुवातीला उभं गाव असायचं. मग जाडजूड माणसं बसायची, मग विड्या ओढणारी, मग बायका, मग पोरं. शेवटाला सगळं गाव जमिनीवर आणि मैदानात तो एकटा हुतुतू करत उभा. बेंबळीच्या सामन्यात तर त्यानं एवढा दम धरला की एक म्हातारी बसली ती पुढच्या सोमवारीच उठली. बघायला आलेली जनावरं खाली बसली. मी स्वतः एक म्हैस बसताना बघितलीय. म्हशी तशाही बसतात, असं मास्तर म्हणतात. पण ती कुठल्या क्षणाला बसली ते त्यांनी बघितलेलं नाही.

अशी दोन-तीन वर्षं गेली. अंगापिंडानं तो काही मोठा नव्हता, काडीसारखे हातपाय. पण समोरच्या गावांची पोरं तो आला की आधीच रेघेकडं सरकायची. बेंबळी हरलं, आजूबाजूची गावं हरली, कर्नाटकाकडची दोन गावं तर त्याचं नुसतं नाव ऐकून आलीच नाहीत. आम्ही बैलगाड्या जुंपून त्याच्यामागं फिरायचो. रानातली कामं पडून राहायची. घरोघरी बायका बोलायच्या. आमच्या हिनं मला एकदा विचारलं, "जेवायला घरी येणार का त्याच्याच घरी वाढू?"

मग सोलापूरच्या एका गिरणीनं माणसं हेरायला सुरुवात केली. गिरण्यांना तेव्हा आपापले संघ होते. चांगला खेळाडू मिळाला की त्याला कामावर घ्यायचे, अर्धा दिवस माग आणि अर्धा दिवस मैदान. अणदूरला खंडोबाच्या जत्रेत गिरणीचा संघ खेळायला येणार आणि त्यांचा वस्ताद धाकट्याला बघणार, असा निरोप आला.

गावात त्या दिवसापासून एकच विषय. निवड झाली तर धाकटा सुटला. नाही झाली तर जन्मभर वाफ्यात गुडघाभर चिखल. पण तो सुटला म्हणजे मोटेवर थोरला एकटा. हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. फक्त शिंपी एकदा थोरल्याला म्हणाला, "तुमचं कसं व्हायचं मग?"

"व्हईल ते व्हईल," थोरला म्हणाला. "आधी होऊ तर द्या."

अणदूरच्या जत्रेत भंडारा एवढा उधळला होता की मैदानातल्या चुन्याच्या रेघा पिवळ्या झालेल्या. आमच्या गावचा आणि गिरणीचा सामना. धाकट्यानं आपल्या नेहमीच्या पद्धतीनं चार चढाया मारल्या, आम्ही नेहमीच्या पद्धतीनं उठलो-बसलो. गिरणीची माणसं आमच्याकडंच बघत होती. यांना मिरगी येते काय, असं एकानं विचारलं म्हणे. वस्ताद मात्र तोंडात पान धरून शांत. खेळ मध्यावर आला तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "पोराला आमच्या बाजूनं खेळवा. माझ्या गड्यांबरोबर कसा खेळतो ते बघायचंय मला."

म्हणजे धाकटा आता आमच्यावरच चढाई करणार.

तो गिरणीच्या बाजूला गेला. त्यांनी त्याला त्यांचा बनियन दिला, तो त्याला गुडघ्यापर्यंत आला. त्याच्या जागी आम्ही दुसरा उभा केला. समोर आमचे सात गडी, कोपऱ्यात थोरला. पंचानं शिट्टी मारली. धाकट्यानं दम सुरू केला आणि रेघ ओलांडली.

आणि आमच्या सातही गड्यांनी श्वास कोंडला.

दोन-तीन वर्षांची सवय! आपल्या बाजूला उभे राहून तेही धरायचेच. तो दम घेतो आहे म्हणजे आपण श्वास धरायचा, एवढंच त्यांच्या अंगाला ठाऊक. गाल फुगवून, डोळे वटारून सातजण उभे. श्वास कोंडलेला माणूस काय पकडणार? धाकटा एकेकाच्या छातीला हात लावत गेला, कुणाच्या खांद्याला, कुणाच्या कानाला, आणि चालत परत आला. चालत! मागं आमचे गडी एकेक करून खाली बसले, कारण रीत ती रीत. गिरणीवाले हसून हसून लोळले. अणदूरकर हसले. खंडोबाही हसला असणार, त्या दिवशी त्याचा घोडा वाकडा उभा होता.

आम्हाला वाटलं, झालं. एका दमात सात गडी बाद. असा खेळाडू दुसरा कुठं मिळणार?

वस्तादानं पानाची पिंक टाकली. "हे सात खांब शिवून आला," तो म्हणाला. "खांब शिवायला माझ्याकडं लई माणसं हायत. आपसात ठरवलेला खेळ दिसतोय हा. चला रे, आवरा."

धाकटा मैदानात तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा मी पाहिला, आणि पुढं कितीतरी वेळा तो सांगायचा प्रयत्न केला. त्यात भर घालता आली नाही.

थोरला उठला. कपाळावरचा भंडारा पुसला आणि वस्तादाजवळ गेला.

"पुन्हा एकदा पाठवा त्याला."

"कशाला? पुन्हा फुगून बसायला?"

"न्हाय. आता धरतो. तुम्ही बसा हितं."

मग तो आपल्या गड्यांकडं वळला. "तोंडं उघडी ठेवा रे सगळ्यांनी. श्वास घ्या. मोठ्यानं घ्या, मला ऐकू यायला पायजे. आणि कुणी सोडायचं न्हाय त्याला."

"दादा," धाकटा पलीकडनं म्हणाला.

"ये की," थोरला म्हणाला. "ये नुसता. बघतो."

आता जे सांगतो त्यात मी काहीही वाढवत नाही, कारण तिथं वाढवायला जागाच नव्हती. धाकटा आला. पहिल्याच फेरीत त्यानं कोपऱ्याकडं पाय टाकला आणि थोरल्यानं घोटा धरला. खराखुरा. जसा नळदुर्गच्या पैलवानाचा धरला होता तसा. धाकटा तोंडावर आपटला, त्यावर मागनं दोघंतिघं पडले. आम्ही म्हणालो, गेला. पण त्या ढिगाऱ्याखालनं आवाज येत होता. हुतुतू, हुतुतू, बारीक, गोणीत कोंबलेल्या मांजराच्या पिलासारखा. तो सरकत होता. वीतभर, मग थांबायचा, मग वीतभर. वरचे घसरून पडले. थोरला नाही पडला. थोरला पालथा होऊन मागं फरफटत चाललेला, हनुवटी जमिनीला घासत, दोन्ही हात घोट्याला. त्याच्या कोपरांनी जमिनीत अशा सऱ्या पाडल्या की हरभरा पेरला असता तर उगवला असता. बघ्यांत एकही जण उभा नव्हता. सगळे कधीच बसले होते.

धाकट्याचं बोट रेघेला लागलं आणि मग दम सुटला.

शिंप्याचं म्हणणं, थोरल्यानं शेवटच्या क्षणाला पकड ढिली केली. इतकी वर्षं तो तेच म्हणतो. मास्तर म्हणतात, नाही. मी त्या वेळी धावत गेलो होतो. थोरल्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट सांध्यातनं निखळून भलतीकडं वळलं होतं. ढिली पकड असलेल्या माणसाचं बोट असं निखळत नाही. मी शिंप्याला हे दरवर्षी सांगतो. तो मान हलवतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच म्हणतो.

वस्ताद आता उभा राहिला होता. पान थुंकायचं विसरला होता. "आजच चल," एवढंच म्हणाला.

गिरणीचा ट्रक जत्रेबाहेर उभा होता. धाकट्याचे गुडघे सोललेले, अंगात तो लांब बनियन. तो मागच्या फळीवर चढला आणि थोरल्याकडं बघत राहिला. आम्हाला वाटलं, आता काहीतरी बोलणं होईल. थोरला बोटाला फडकं गुंडाळत होता.

"मोटेचा नाडा झिजलाय," तो म्हणाला. "सोलापुरात चांगला दोर मिळतो. कुणी येनार असंल त्याच्याजवळ धाड."

"व्हय दादा."

ट्रक गेला. आम्ही बैलगाड्या जुंपल्या आणि परत निघालो. जिंकून येतानाही इतकं दमल्यासारखं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. मास्तरांना गाडीतच झोप लागली.

पुढं धाकटा मोठा झाला. गिरणीकडनं खेळला, मग राज्याकडनं, आणि मास्तर सोलापूरचा पेपर वाचून दाखवताना त्याचं नाव आलं की घसा साफ करायचे. मुंबईला खेळला, कलकत्त्याला खेळला. मी सांगताना लंडनलाही नेतो. हजारो लोक टाळ्या पिटायचे म्हणे. आम्हाला कसंसंच व्हायचं. टाळ्या काय, कुणीही पिटतं. आमच्या गावचा खेळ मात्र वर्षा-दोन वर्षांत मिटला. रेघा मारायला चुना होता, गडी होते, पण उभं राहून श्वास धरावा असं कुणी उरलं नाही.

त्या जत्रेनंतर आठेक दिवसांनी मी थोरल्याच्या वावरात गेलो होतो. तो एकटाच होता. बैल हाकून मोट वर आणायचा, पाणी ओतलं की बैल तिथंच उभे करून वाफ्याकडं पळायचा, बांधलेल्या बोटानं दारं फिरवायचा, परत पळत वर यायचा. मी बांधावर बसून बघत होतो.

"मी धरू का दारं?" विचारलं.

"तुमाला न्हाय जमायचं. तुमी बोलत बसता, पानी भलतीकडंच जातं."

खरं होतं ते. मग मी विचारलं, "आठवण येती का?"

त्यानं कासरा हातात घेतला, छाती भात्यासारखी हलत होती.

"कवा येनार ती?" तो म्हणाला. "पळतोय नुसता दिसभर." आणि त्यानं बैल वळवले.