तीनशेव्या हिश्शाचे मिलान

सुखदेव गजभिये यांचा मिलान शहराशी दोनदा संबंध आला. पहिल्यांदा २००५ च्या फेब्रुवारीत, अवघा दीड दिवस. दुसऱ्यांदा २००८ च्या उन्हाळ्यात, आणि त्या वेळी इंग्लंडबाहेर पाऊलही न टाकता. दुसऱ्या खेपेस त्यांनी ते शहर स्वतःच्या हातांनी घडवले.

सुखदेवराव पेशाने पॅटर्नमेकर. कारखान्यात लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तो करणारा हा कारागीर. विद्या नागपूरच्या रेल्वे कारखान्यात शिकले, १९७१ साली कॉव्हेंट्रीला आले आणि मोटारींच्या ओतशाळेत वीस वर्षे काढली. ओतशाळा बंद पडली तेव्हा तिथून पाऊण तासाच्या अंतरावरील एका प्रयोगशाळेने त्यांचा हात पाहून त्यांना बोलावून घेतले. तिथे एक विंड टनेल होता. कुठल्याही देशात उंच इमारत बांधायची ठरली की तिची लहान प्रतिकृती या बोगद्यात ठेवून तिच्यावर वारा सोडत. मनोऱ्यावर आपटलेला वारा भिंतीवरून खाली घसरतो आणि पायथ्याशी चालणाऱ्या माणसाला लोटतो. तो किती लोटेल, हे बांधण्याआधी कळणे बरे. मात्र एकट्या मनोऱ्याने भागत नाही. सभोवतालची साडेचारशे मीटरपर्यंतची वस्ती, जुनी-नवी सर्व, तीनशेव्या हिश्शात, म्हणजे तीनशेपट लहान, घट्ट फोममध्ये कापून एका फिरत्या तबकडीवर बसवावी लागते. ती वस्ती सुखदेवराव करीत. शांघाय केले, दुबई केले. अर्ध्या मिलिमीटरची चूक कोणी दाखवली तर ते आख्खा ठोकळा टाकून देत.

त्यांना एकच मुलगी, रूपाली. ती आर्किटेक्ट झाली आणि कॉव्हेंट्रीच्या कौन्सिलमध्ये तिला कायमची नोकरी लागली. विहारात रविवारच्या वंदनेनंतर चहाच्या वेळी सुखदेवराव कुठूनही सुरुवात करून या नोकरीवर येत, आणि मंडळी ते प्रेमाने ऐकून घेत. १९९९ साली रूपालीने राजीनामा दिला. मिलानच्या एका लहानशा ऑफिसात, वर्षावर्षाच्या करारावर, उंच इमारतींचे काम मिळत होते.

भांडण असे झालेच नाही. सुखदेवरावांनी आवाज चढवला नाही. ते इतकेच म्हणाले, "पक्की नोकरी लागली की कळव. तेव्हा येईन तुझ्याकडे."

करार दर वर्षी नवा होत राहिला. पक्की नोकरी काही लागली नाही. रूपाली दर रविवारी आईला फोन करी, आणि कांताबाई तो फोन उगीचच मोठ्याने बोलून घेत, म्हणजे बाहेरच्या खोलीत ऐकू जावे. त्यातून कळे, की रूपालीचे मुख्य स्टेशनाजवळ अकरा मजली इमारतीत आठव्या मजल्यावर घर आहे. गॅलरीतून तो टायरवाल्या पिरेली कंपनीचा पातळ, उंच मनोरा दिसतो. मिलानमध्ये जुना संकेत असा, की कॅथीड्रलच्या शिखरावरच्या मदर मेरीच्या सोनेरी मूर्तीपेक्षा काहीही उंच नसावे. हा मनोरा उंच झाला, म्हणून त्याच्या डोक्यावर त्याच मेरीची छोटी मूर्ती बसवली. म्हणजे सर्वांत वर पुन्हा तीच.

"बाबांना सांग," रूपाली म्हणाली होती.

"ऐकलंत का?" कांताबाईंनी विचारले.

"मूर्ती किती उंचीची, ते विचार," सुखदेवराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

२००२ च्या एप्रिलमध्ये एक छोटे विमान त्याच मनोऱ्यावर आदळल्याचे टीव्हीवर दिसले. त्या दिवशी सुखदेवरावांनी स्वतः फोन फिरवला. सहा वर्षांत हा एकच. "काचा फुटल्या का तुझ्या?" "नाही, बाबा. मी ठीक आहे." "बरं." आणि फोन कांताबाईंच्या हाती दिला.

२००५ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, ऑफिसच्या जिन्यात रूपालीच्या मेंदूत रक्तस्राव झाला. आईवडील पोहोचले तेव्हा सगळे संपले होते. दुसऱ्या दिवशी विमानतळावर जाताना रूपालीच्या एका मैत्रिणीने टॅक्सी तिच्या घरापाशी थांबवली, काही वस्तू घ्याव्यात म्हणून. कांताबाई वर गेल्या. सुखदेवराव टॅक्सीत बसून राहिले. पाऊण तास त्यांनी समोरच्या सीटच्या पाठीवरून नजर हलवली नाही. कांताबाई एक पिशवी घेऊन खाली आल्या. या पाऊण तासाबद्दल पुढील तीन वर्षे त्या घरात कोणी चकार शब्द काढला नाही.

आणि २००८ च्या मे महिन्यात नवे काम टेबलावर आले. मिलान, स्टेशनाच्या परिसरात तीन नवे मनोरे. सुखदेवरावांनी नकाशावर कंपास टेकवून साडेचारशे मीटरचे वर्तुळ काढले. रूपालीच्या पत्त्याची गल्ली त्यांना पाठ होती. तिची इमारत वर्तुळाच्या आत होती.

ते चौसष्ट वर्षांचे होते आणि हे त्यांचे शेवटचे मोठे काम होते. त्यांनी सर्व ठोकळे नेहमीच्या क्रमाने कापले. पिरेलीचा मनोरा सव्वा चारशे मिलिमीटर भरला. त्याच्या माथ्यावर त्यांनी टाचणीचे डोके बसवले, जे नकाशात कोणी मागितले नव्हते. ती अकरा मजली इमारत त्यांनी शेवटी ठेवली. त्या आठवड्यात एका संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी विचारले,

"गॅलरी कुठल्या बाजूला होती?"

कांताबाई पोळी लाटत होत्या. त्यांनी लाटणे थांबवले नाही. "तुमच्या त्या ठोकळ्यांना गॅलऱ्या असतात?"

"नसतात. वाऱ्याला तेवढ्याने फरक पडत नाही."

"मग कशाला विचारता?"

"विचारतोय."

दोन पोळ्या झाल्यावर कांताबाई म्हणाल्या, "रस्त्याच्या बाजूला. उजवीकडून दुसरी. हिरवा कठडा होता."

सुखदेवरावांनी चार मिलिमीटर रुंदीची पट्टी कापली, चिमट्याने आठव्या मजल्यावर बसवली, कठड्याला हिरव्या रंगाचा एक थेंब लावला. मग इतर ठोकळे ज्या साध्या गोंदाने चिकटवले होते तो न वापरता ही इमारत इपॉक्सीने तबकडीवर पक्की केली. त्यांच्या मनाशी एक गोष्ट ठरली होती. येत्या शुक्रवारी कांताबाईंना प्रयोगशाळेत आणायचे, ही इमारत दाखवायची, आणि ‘मी वर यायला हवे होते’, एवढे एक वाक्य त्यांच्यासमोर बोलायचे. घरात ते वाक्य निघत नव्हते. हातात दाखवायला काही असले तर निघेल, असा त्यांचा हिशेब होता.

बुधवारी सकाळी मिलिंद आला. हा तरुण इंजिनिअर लंडनच्या स्टॅनमोर भागात वाढलेला. ऑफिसात मराठी बोलायला मिळते याचे त्याला भारी कौतुक.

"काका, क्लायंटचा ईमेल आलाय. हा एलेव्हन स्टोरीवाला ब्लॉक आहे ना, तो डिमॉलिश होणार. रिकामा पण झाला. त्याच्याशिवाय टेस्ट करायची."

"ती इमारत," सुखदेवराव म्हणाले.

"सॉरी, ती. फ्रायडेला सकाळी रीडिंग्ज पाठवायचेत, सो आजच काढू या."

"शुक्रवारनंतर काढू."

"का? एनी रीझन?"

सुखदेवरावांनी तोंड उघडले. "इपॉक्सीने लावली आहे. निघायची नाही."

"तुम्ही? इपॉक्सी?" मिलिंद हसला. "काका, रिटायरमेंटच्या आधी बंड करताय की काय? दॅट्स ओके, करवतीने कापू."

"शुक्रवारी माझी मिसेस मॉडेल बघायला येणार आहे."

"अरे वा, काकू येतायत? नवीन टॉवर्स दाखवू ना त्यांना. या जुन्या डब्यात काय बघायचंय?"

खरे कारण सांगितले असते तर मिलिंदने दोन दिवस कसेही काढून दिले असते. तो तसा मुलगा होता. सुखदेवरावांनाही ते ठाऊक होते. त्यांनी ईमेल मागून घेतला, दोनदा वाचला, आणि त्यात काही संदिग्ध सापडते का ते पाहिले. काही नव्हते.

"तू चहा घेऊन ये," ते म्हणाले. "मी कापतो."

पातळ पात्याची करवत त्यांनी तळाशी धरली. इपॉक्सी फोमपेक्षा मजबूत ठरली. चौथ्या मजल्यापर्यंतचा भाग तबकडीलाच धरून राहिला आणि वरचा हातात चुरा होत गेला. गॅलरीची पट्टी कुठे पडली ते त्यांनी गुडघे टेकून शोधले. पिवळसर भुशात ती सापडली नाही. तळाचा भाग तासून त्यांनी जागा सपाट केली, पॉलिश कागद मारला, भुसा व्हॅक्यूमने ओढून घेतला.

दुपारी वारा सोडला. आदल्या दिवशीच्या चाचणीत, ती इमारत उभी असताना, गल्लीच्या कोपऱ्यावर वारा जेमतेम होता. आता तिथला आकडा इतका चढला की म्हाताऱ्या माणसाने उभे राहू नये. सुखदेवरावांनी तबकडी दहा-दहा अंशांनी फिरवून छत्तीसही दिशांची नोंद स्वच्छ अक्षरात केली आणि खाली सही केली.

शुक्रवारी कांताबाई आल्या. येऊ नको म्हणायचे राहून गेले होते; किंबहुना ते गुरुवारी दिवसभर सुखदेवरावांच्या ओठांवर येऊन परतले होते. मिलिंदने काकूंना खुर्ची दिली, नवे तीन मनोरे दाखवले, त्यांतली वाऱ्याचा दाब मोजणारी बारीक भोके आणि नळ्या दाखवल्या, आणि फोन आला म्हणून तो बाहेर गेला.

कांताबाई उठल्या. मनोऱ्यांकडे त्यांनी पुन्हा पाहिले नाही. स्टेशन ओळखले, तिथून ट्रामचा रस्ता बोटाने धरला, एका वळणावर आत शिरल्या. बोट सपाट जागेवर येऊन थांबले.

"इथे होतं."

"पाडणार आहेत," सुखदेवराव म्हणाले. "मी केली होती. गॅलरीसकट. परवा काढावी लागली."

"कोणी काढली?"

"मीच."

कांताबाईंनी बोट उचलले नाही. सुखदेवरावांनी काळजीपूर्वक जपून ठेवलेले वाक्य आता दाखवण्यासारखे काही हाती नसताना बोलून टाकले. "मी वर यायला हवं होतं."

"हो," कांताबाई म्हणाल्या. "यायला हवं होतं."

मग त्याच आवाजात त्यांनी सांगितले, "वर नाही तर नाही. खाली दाराशीच बेलची पाटी होती. तुमच्या टॅक्सीपासून चार पावलांवर. सगळी इटालियन नावं, आणि मधेच गजभिये. पितळेवर कोरून घेतलं होतं तिने. बाकीच्यांचे नुसते कागद होते."

"मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"टॅक्सीच्या काचेवर टकटक केलं होतं मी," कांताबाई म्हणाल्या. "दोनदा."