रंगूबाईची शिवरात्रीची कॉफी

रंगूबाईच्या तोंडाला लागायचं नाही, हे सगळ्या पोलादपुराला ठाऊक होतं. आणि तिच्या कॉफीला नावं ठेवायची तर मुळीच नाहीत. महाबळेश्वरचा फाटा फुटतो तिथे तिचं खोपटं होतं. घाट चढायच्या आधी ड्रायव्हर मंडळी गाडी थांबवायची ती त्या काळ्याभोर, कडसर कॉफीसाठीच. कुणी चहा मागितला तर बाई सरळ शेजारचं हॉटेल दाखवायची.

ही विद्या तिच्या नवऱ्याची, महिपतीची. त्याने माटुंग्याच्या एका हॉटेलात भटारखान्यात अर्धं आयुष्य काढलं होतं. दम्याने बेजार होऊन तो गावी परतला तो चिकोरी घेऊनच. चिकोरी म्हणजे एक मूळ. वाळवायचं, भाजायचं, कुटायचं आणि कॉफीत मिसळायचं. कॉफी थोडकी लागते आणि रंग कसा खुलतो! पण मुंबईची भाजलेली पूड आमच्या कोकणच्या दमट हवेत बघता बघता दगड व्हायची. म्हणून रंगूबाई वाळलेल्या मुळांचंच पोतं मागवायची आणि रोज सकाळी लागेल तेवढं तव्यावर भाजायची. करपत्या गुळासारखा तो वास रस्त्यापलीकडे जायचा. भाजणं काही महिपतीला तिच्यासारखं जमलं नाही.

साठ साल असेल, फार तर एखादं मागेपुढे. महाशिवरात्रीला महाडात वीरेश्वराच्या यात्रेत तिने पहिल्यांदाच चूल मांडली. उपासाला कॉफी चालते, त्यामुळे गर्दी ही झाली! पलीकडे मुरारीच्या चहाच्या दुकानात माशा बसल्या. मुरारी कसला गप्प बसतो? त्याने हळूच पिल्लू सोडलं, की ती डोंगरातली बाई, नाचणी भाजून घालते कॉफीत, रंग बघा की जरा.

झालं. नाचणी म्हणजे धान्य, आणि धान्य पोटात गेलं की उपास मोडला. लोकांनी भरलेले कप खाली ठेवले. आनंदीबाईंच्या हातातला कप तर अर्धा संपलेला. देवळापाशीच राहणाऱ्या या म्हाताऱ्या बाई. लग्न होऊन आल्यापासून त्यांची एक शिवरात्र चुकली नव्हती आणि महाडात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

धंदा बसला तर बसू दे मेला, पण या म्हातारीचा उपास आपल्या हातून मोडला असं कुणी म्हटलं, तर ते रंगूबाईला जन्मभर सलणार होतं. महिपतीने कानाशी येऊन सांगितलं, नुसती कॉफीच हाय म्हण, कोण बघायला आलंय. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो मुकाट्याने कप विसळायला बसला.

पदर खोचून ती उभी राहिली.

"घालते मी," ती म्हणाली. "रोज घालते, आजबी घातलंय. पन नाचणी नाय. मूळ हाय ते. या, बघा."

तिने पोतं सगळ्यांसमोर उलटं केलं. वाळक्या मुळांचे सुरकुतलेले तुकडे घोंगडीवर पसरले. त्यातले मूठभर तिने तव्यावर परतले, खलबत्त्यात कुटले आणि कॉफीचा कणही न घालता नुसतेच उकळले. रंग तोच, वास तोच. ते कडूजहर पाणी तिने सगळ्यांदेखत पिऊन टाकलं. तिचाही उपास होता, आणि डोंगरातल्या बाया शिवरात्र किती कडक पाळतात हे महाडकरांना ठाऊक होतं.

आनंदीबाईंनी एक तुकडा उचलला, हुंगला, नखाने खरवडला. जमिनीखाली वाढतं का, म्हणून विचारलं. रताळ्यासारखंच, रंगूबाईने सांगितलं. गर्दीतून कुणीतरी कुरकुरलं की असलं मूळ शास्त्रात नाही. बटाटा तरी कुठे आहे शास्त्रात, आनंदीबाई त्याच्यावर कडाडल्या, तो चापता की दर एकादशीला! मग त्यांनी आपला अर्धा कप पुढे केला.

"गार झाली गं. गरम करून दे. आणि तुझीही घेऊन ये, इथे माझ्याशेजारी बस."

रंगूबाई बसली. देवळाच्या पायरीवर, आनंदीबाईंच्या मांडीला मांडी लावून ती कॉफी प्यायली, आणि मुरारीसकट सगळ्या यात्रेने ते पाहिलं. तिला रडू येत होतं आणि तिने ते लपवलंही नाही.

पुढच्या शिवरात्रीला तिने चुलीपुढेच मुळांनी भरलेली परात मांडली. गिऱ्हाईक टेकायच्या आत ती ठणकावून सांगायची, आमच्या कॉफीत चिकोरी हाय.

आणि मागे कप विसळत बसलेला महिपती मान वर करून म्हणायचा, "आन् भाजलीय हिनं."