न्यूट्रलवर सोडलेली स्कूटर

आमच्या बाजारात रस्त्यावर गाडी लावायचे दर वाढवावेत की नाही, यावर एका रविवारी सकाळी सभा भरली, तेव्हा ‘वाढवा’ म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा होता. बाजार म्हणजे आमच्या जबलपुरातलं गोरखपूर. खाली दुकानं, वर घरं, आणि मधल्या रस्त्यात गाड्यांच्या फटीतून वाट काढणारी माणसं. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात काम करते. तिथे मोठ्यानं बोलायची सवय लागत नाही. पण या विषयावर माझं डोकं तीन वर्षांपासून तापलेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी बाबा न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून त्यांना घरी आणलं त्या दिवशी ॲम्ब्युलन्स आमच्या गल्लीच्या तोंडाशीच अडकली. दोन्ही बाजूंना दुकानदारांच्या आणि त्यांच्या नोकरांच्या गाड्या. सकाळी लावल्या की शटर पडेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. शेवटी चार जणांनी बाबांना खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट घरापर्यंत उचलून आणलं. बाबा आपले खुर्चीतून दोन्हीकडच्या लोकांना नमस्कार करत होते, मिरवणूक निघाल्यासारखे. मला रडू आणि राग एकदमच येत होते. त्या दिवसापासून रस्त्यात दिवसभर उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीशी माझं वैर होतं.

खरं तर याच बाजारात गाडी लावायची एक फार चांगली रीत मी लहानपणी पाहिलेली आहे. तेव्हा आम्ही रांझीला राहायचो, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये. बाबा तिथे फिटर होते. रविवारी चौघं एका स्कूटरवर बसून गोरखपूरला खरेदीला यायचो. भाऊ पुढे उभा, मी बाबांच्या आणि आईच्या मध्ये चेपलेली, आणि आई एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन. गाडी कुठे लावायची, हा प्रश्नच नसे. औषधाच्या दुकानासमोर लावायची, गिअर न्यूट्रलवर ठेवायचा आणि हँडल लॉक करायचं नाही. बस. सगळेच तसं करत. एखाद्याला आपली गाडी काढायची असली, कुणाची हातगाडी जायची असली, की तो मधल्या स्कूटरी चार हात इकडे, चार हात तिकडे ढकलायचा आणि आपल्या वाटेनं जायचा. कुणी कुणाला विचारत नसे आणि कुणी रागावतही नसे.

बाबांचं यावर ठाम मत होतं. “लॉक करून जानारा मानूस सोताले राजा समजते,” ते म्हणायचे. “रस्ता का त्याच्या बापाचा हाय?”

त्यामुळे खरेदी आटोपून आलं की गाडी लावली तिथे कधीच नसायची. मग आम्ही चौघं ती शोधत फिरायचो. मला तो दिवसातला सगळ्यात मजेचा भाग वाटे. आश्चर्य म्हणजे, आमची स्कूटर फार वेळा खव्याच्या जलेबीच्या दुकानापाशीच सापडायची. आई कमरेवर हात ठेवून बाबांकडे बघायची.

“इथं कशी आली हो गाडी?”

“मले काय माहीत? लोकायनं सरकवली. आता आलोच हाओत तं पावभर घेऊन घेऊ.”

आपण भाजी घेत असताना बाबा मध्येच पाच मिनिटं कुठे गायब होतात, हे आईला चांगलं ठाऊक होतं. पण तिनं ते कधी उघड केलं नाही. जलेबीचा पुडा मात्र ती स्वतःच्या पिशवीत ठेवायची, बाबांच्या हाती देत नसे. त्या पुड्याचा तुपकट कागद, आईच्या पदराचा वास आणि परतीच्या वाटेवर तोंडावर येणारा वारा, एवढं आठवलं तरी मला अजून बरं वाटतं. आणि लगेच वाईटही वाटतं, कारण ती गाडीवरची चार माणसं आता एकत्र नाहीत. भाऊ दूर गेला, आई तर पार गेली.

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं आणि ते माझ्याकडे गोरखपूरला राहायला आले, दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या घरात. स्कूटरही आली. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती चालवणं शक्यच नव्हतं, पण विकायचं नाव काढलं की बाबांना ऐकू येईनासं व्हायचं. ती खाली रस्त्यावर उभी राहिली, अर्थातच न्यूट्रलवर, हँडल मोकळं. रोज पाच वाजता बाबा काठी घेऊन खाली उतरायचे. “गाडी पाहून येतो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाडी लोकांनी कुठेतरी सरकवलेली असायची. ती शोधायची, फडक्यानं पुसायची, सीटवर जरा टेकायचं, आजूबाजूच्या दुकानदारांशी चार गोष्टी करायच्या आणि परत यायचं.

हे सगळं मला ऐकूनच माहीत. मी घरी येते साडेसहाला. मी कणीक भिजवत असताना ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगायचे, “आज चष्म्याच्या दुकानापावतर गेली होती.” मी “हं” म्हणायची.

सभेला मी बाबांना सोबत नेलं. घरात बसून कंटाळतात, तेवढंच चार माणसांत येतील, म्हणून. शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. समोर एक अधिकारी बसला होता. त्याचा चेहरा असा, की हीच सभा तो दहाव्यांदा ऐकतोय. प्रस्ताव साधा होता: गाडी जितका वेळ उभी, तितका दर चढत जाणार. दुकानदार उसळले. गिऱ्हाईक विजय नगरला निघून जाईल, तिकडे रस्ते रुंद आहेत, असं एक जण म्हणाला. नोकरांनी गाड्या डोक्यावर ठेवायच्या का, असं दुसऱ्यानं विचारलं. सगळ्यात जोरात बोलला तो आमच्या खालचा औषधाचा दुकानदार. लहानपणी ज्या दुकानासमोर आम्ही स्कूटर लावायचो, तेच दुकान. आता मुलगा चालवतो, आणि तोही पन्नाशीचा झाला आहे.

मी उभी राहिले. ॲम्ब्युलन्सची गोष्ट सांगितली, खुर्चीची सांगितली. हॉल शांत झाला. मला चढल्यासारखं झालं आणि मी ठणकावून म्हणाले, “जो गाड़ी दिनभर हिलती नहीं, सबसे ज़्यादा पैसा वही दे. और जो महीनों नहीं हिलती, उसे उठाकर ले जाओ!”

टाळ्या पडल्या. तेवढ्यात औषधवाला उठला. लालबुंद झाला होता.

“तो दीदी, घर से शुरू कीजिए. बाबूजी का स्कूटर तीन साल से स्टार्ट नहीं हुआ.”

अख्खा हॉल हसला. अधिकारीसुद्धा हसला. माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. शपथेवर सांगते, त्या क्षणापर्यंत मला आमची स्कूटर ही रस्त्यात उभी असलेली गाडी वाटलीच नव्हती. ती बाबांची होती.

बाबा काठीवर जोर देत उठले. त्यांना उठायला वेळ लागला, तोवर हसू ओसरलं. “बात तो सही है,” ते म्हणाले. “बिटिया ने भी सही बोला, इसने भी सही बोला. उठवा देंगे.” आणि खाली बसले.

घरी आल्यावर मी चिडले. चिडायचं स्वतःवर होतं, चिडले त्यांच्यावर.

“बाबा, काहून बोलले तुम्ही तसं? कोणी मागितली होती का गाडी?”

“मंग काय बोलू? तू सांगून राहिली, का जे हलत नाही ते उचला. आपली हलत नाही.”

“पण तुमची सोय काय? तुम्ही रोज खाली जाता तिच्यासाठी.”

“पोरीनं हॉलभर लोकायसमोर बोललेली गोष्ट हाय,” ते म्हणाले. “बापानंच मोडाची का?”

आठवड्याभरात रांझीचा एक ओळखीचा मेकॅनिक लोडिंग ऑटो घेऊन आला. त्याला ती सुट्या भागांसाठी हवी होती. बाबांनी खिडकीतूनच पाहिलं. मेकॅनिकनं वर बघून हात केला, यांनी इकडून हात केला, आणि स्कूटर गेली. मी त्या दिवशी रजा काढली नव्हती; हे सगळं मला नंतर शेजारणीनं सांगितलं.

आणि बाबांचं खाली उतरणं थांबलं. पहिले दोन दिवस ऊन होतं. मग गुडघा दुखत होता. मग चप्पल लागत होती. पंधरा दिवसांत ते पलंग आणि बाल्कनी एवढ्यात राहू लागले, आणि बाल्कनीतही उभे राहिनात, खुर्ची लागायची. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की चालणं सुटलं तर पाय बसतील, आणि या वयात एकदा बसलेले पाय पुन्हा उठत नाहीत. मी विनवण्या केल्या, दटावलं, रुसून पाहिलं. “आता खाली जाऊन पाहाचं काय?” ते विचारायचे. मला भीती वाटायला लागली. आई जायच्या आधीही असंच हळूहळू घर लहान लहान होत गेलं होतं.

एका रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. औषधवाला उभा होता, हातात बाबांच्या गोळ्यांची पिशवी. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच वर आला होता. मी पिशवी घेतली आणि दार लावणार होते. सभेचं हसणं मी विसरले नव्हते.

“दीदी, एक मिनट,” तो म्हणाला. “उस दिन ग़ुस्से में निकल गया मुँह से. बाबूजी नीचे नहीं आ रहे, तो मुझसे दुकान पर बैठा नहीं जाता.”

मी अर्धवट लोटलेलं दार तसंच धरून ठेवलं.

“ऑपरेशन के बाद डॉक्टर की पर्ची मेरे पास ही आई थी. उसमें लिखा था, रोज़ थोड़ा-थोड़ा चलाना है. बाबूजी चलें तब ना! आप तो ऑफ़िस में रहती हैं. तो मैं ही रोज़ चार बजे गाड़ी एक दुकान आगे लगा देता था. पहले बग़ल में, फिर दर्ज़ी तक, फिर चश्मेवाले तक. मोड़ आ गया, तो वापस इधर की गिनती शुरू. बारिश में एकदम सीढ़ी के पास. और कोई बात नहीं थी, दीदी.”

त्याला आत या म्हणायचं भान मला राहिलं नाही. तो नमस्कार करून उतरून गेला, तेव्हा कुठे मला कळलं की मी त्याला साधं पाणीही विचारलं नाही.

आत वळले तर बाबा पलंगावर उठून बसले होते. सगळं ऐकलं होतं.

“मले माहीत होतं,” ते म्हणाले.

“काय माहीत होतं?”

“तोच सरकवे म्हणून. गर्दीत गाडी सरकते तं कशीबी सरकते, वाकडीतिकडी. माही रोज बरोबर एक दुकान सरके, आन सावलीत सरळ उभी राहे.”

“मग तुम्ही बोलले काहून नाही? आणि माहीत होतं तर रोज शोधत काहून जायचे?”

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फारच सोपी गोष्ट विचारली आहे. “कोनीतरी आपल्यासाठी रोज गाडी ढकलून राहिलं,” ते म्हणाले, “तं खाली जा लागते ना.”

मी त्यांच्या पायांशी जमिनीवरच बसले. दराचं अजून काहीही ठरलेलं नाही. अधिकाऱ्यानं सगळ्यांकडून लेखी सूचना घेतल्या, आणि पुढची सभा कधी ते कुणालाच ठाऊक नाही. माझं मत विचाराल तर ते बदललेलं नाही: रस्ता अडवणाऱ्यानं पैसे मोजलेच पाहिजेत, आणि पुढच्या सभेतही मी हेच बोलेन. पण त्या दुपारी मला एवढंच दिसत होतं, की एका परक्या माणसानं तीन वर्षं माझ्या बापाला चालवलं आणि त्या तीन वर्षांत मी त्यांच्याबरोबर एकदाही खाली उतरले नव्हते. डॉक्टरांकडे नेलं, सभेला नेलं, ते सगळं घाईनं, दंडाला धरून, “लवकर चला” म्हणत. नुसतं पाच वाजता, काही काम नसताना, कधीच नाही.

“चला बाबा,” मी म्हटलं. “मी येते.”

“कुठी?”

“कुठी नाही. खाली.”

त्यांनी पलंगावरून पाय खाली सोडले. मग काठी मागितली. पायऱ्या ते एकेक करून, आधी चांगला पाय मग दुखरा, असे उतरू लागले, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या चालीनं उतरले. जिन्याच्या वळणावर ते थांबले, उजवा तळहात भिंतीवर टेकवला आणि डोळे मिटून दम घेऊ लागले. हात उचलला तेव्हा तिथे चुन्यावर तळहाताएवढा काळपट डाग दिसला. तो डाग मी रोज जाता-येता पाहत होते, आणि भिंत खराब कोण करतं म्हणून जिना झाडणाऱ्या बाईला दोनदा बोललेही होते.