चार स्क्रूचा दांडा

नासिर मिस्त्रीनं बसवलेलं कपाट निघायचं म्हटलं तर अर्धी भिंत घेऊन निघतं, असं कंधारात कुणीही सांगेल. सव्वीस वर्षं हा माणूस भिंतींना होल पाडत आला. पंखे, पडदे, टाक्या, देवघरं, जे सांगाल ते टांगून देणार. हात सोन्याचा, तोंड मात्र फटकळ. त्यातही ड्रिलला पुढं लावायच्या टोकदार बिटांवर त्याचा खास राग. "आजकालचा बिट म्हंजे नुसता मुलामा," तो म्हणायचा. "पिवळा धम्मक दिसतो, एक होल पडलं की काळा ठिक्कर."

यात खोटं काही नव्हतं. बाजारात येणारा निम्मा माल तसलाच. पण नासिरचं तेवढ्यानं भागत नसे. तुटलेला बिट कागदात गुंडाळून तो दुकानात न्यायचा आणि चार गिऱ्हाइकांदेखत दुकानदाराची अब्रू काढायचा. नांदेडचे मलप्पा हार्डवेअरवाले मूळचे देगलूरकडचे, गरीब स्वभावाचे. ते काही बोलू लागले की नासिर म्हणायचा, "मला शिकवू नका शेठ." ते बिचारे मुकाट्यानं बिट बदलून द्यायचे.

बिट वापरायची रीत नासिरनं उस्तादाकडून उचललेली. होल पाडताना बिट तापून लाल झाला की शेजारच्या पाण्याच्या डब्यात बुडवायचा. चुर्र आवाज यायचा, वाफ निघायची, की लगेच पुढचं होल. लोखंडाला पाणी पाजलं की ते कडक होतं, असं उस्ताद म्हणायचे. लोहाराच्या भात्यावर वाढलेला माणूस, तो उगाच कशाला बोलेल?

त्या दिवशीचं काम किशनरावांच्या घरी होतं, कंधारपासून सात किलोमीटरवर. किशनराव न्हाणीत घसरून पडले होते, नांदेडला खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुपारी घरी यायचे होते. न्हाणीच्या भिंतीला धरायला स्टीलचा दांडा बसवायचा होता. चार स्क्रू, दोन वर, दोन खाली. काम तासाभराचं.

"दांडा लागलाच पायजे बघा, नासिरभाई," त्यांच्या पत्नी चतुराबाई सांगत होत्या. "दवाखान्यात नर्सनं आंग पुसलं तर दोन दिवस जेवले न्हाईत. म्हन्ले, घरी माझं मी न्हाईन. मला कुनी धरलेलं चालायचं न्हाई."

"काकू, गाडी दारात यायच्या आधी दांडा भिंतीवर आसल. जबान देतो."

जबान देऊन बसला, पण भिंत काळ्या दगडाची निघाली. साधे दोन बिट सुरुवातीलाच बोथट झाले. मग त्यानं पिशवीच्या तळातून खास बिट काढला, अशाच दगडासाठी मलप्पांकडून घेतलेला, चांगला महागाचा. तो दगडात असा शिरला की नासिर खूश झाला. पहिलं होल झालं, बिट पाण्यात बुडवला. दुसरं झालं, पुन्हा बुडवला. तिसऱ्याला टक्कन आवाज आला. बाहेर काढून बघतो तर टोकच गायब.

नासिरनं तिथूनच मलप्पांना फोन लावला. "शेठ, काय माल देता का मस्करी करता? दोन होलात टोक गेलं!"

"पान्यात बुडवला होता काय?"

"मग? लाल झाल्यावर काय पंख्यानं वारा घालू?"

"तेच करायचं आसतंय, नासिरभाई. टोक येगळ्या धातूचं, वरून जोडलेलं. तापल्यावर गार पानी लागलं की तडकतंय. आपोआप निवू द्यायचं."

"मग इतकी वर्सं का न्हाई सांगितलं?"

"तुमी बोलू कुठं देत होता?"

नासिर न्हाणीच्या उंबऱ्यावर बसला. किती बिट खरंच खराब होते आणि किती आपणच मारले, हे आता कुणीही सांगू शकणार नव्हतं. उस्ताद जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यांनाही कुणीतरी असंच शिकवलं असणार. त्याला राग यायला हवा होता, पण तो कुणावर काढायचा हेच कळेना.

असल्या दगडाला चालेल असा बिट गावात नव्हता, कंधारातही मिळत नव्हता. छन्नीनं खोदून सिमेंट भरावं तर ते वाळायला दोन दिवस. एवढ्यात दारात जीप थांबली.

किशनराव वॉकर टेकत टेकत आत आले. मागे मुलगा भागवत. म्हाताऱ्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही, सरळ न्हाणीकडे वळला. पडलेल्या दोन होलांत नासिरनं दांडा वरच्या दोन स्क्रूंवर अडकवून ठेवला होता, खालचं टोक मोकळं.

भागवतनं ओढून बघितला. "बसलाय की घट्ट."

"न्हाई," नासिर म्हणाला. "काकांचा सगळा भार खालीच येनार. उपसून येईल, आन् काका पुन्हा पडतील."

त्यानं पेचकस घेतला आणि स्वतःच्या हातानं ते दोन स्क्रूही काढले. आपण बसवलेली वस्तू कुणी धरू नये म्हणून आपणच काढायची, ही त्याची पहिलीच वेळ. दांडा हातात घेऊन तो म्हणाला, "काका, उद्या नांदेडला जाऊन नवा बिट आनतो. दुपारपत्तोर बसवतो."

"उद्याचं ठीक हाय," किशनराव म्हणाले. "आजचं काय करू?"

नासिरनं काढलेले स्क्रू पिशवीत टाकले.

म्हातारा वॉकर टेकत न्हाणीच्या दारात गेला. मग म्हणाला, "भागवत, तू भाईर जा." आणि अगदी हळू आवाजात, "चतुरा, ये."

वॉकर आडवा आल्यानं न्हाणीचं दार लागेना. नासिर अंगणात पाठ करून सामान आवरत होता. आतून चतुराबाईंचा आवाज आला, "हात वर करा. लाजायला काय झालं, मीच हाय न्हवं?"

किशनराव रडत होते, आणि ते अंगणापर्यंत ऐकू येत होतं.