म्हाताऱ्याच्या जागी तिघं

माझी बायको रक्ततपासणीच्या एका मोठ्या लॅबमध्ये कॉम्प्युटरचं काम बघते. लॅबच्या शाखा शहरभर, आणि सगळ्यांचे रिपोर्ट एकाच जुन्या सर्व्हरवर. त्या सर्व्हरला तिथे सगळे 'म्हातारा' म्हणायचे. "ताई, म्हातारा बसला!" असा फोन आला की ही हातातला घास ताटात टाकून उठायची. मग घरी पाहुणे असोत, नाहीतर मी तापाने फणफणलेला असो. काउंटरवर माणसं रिपोर्टसाठी खोळंबलेली असायची आणि त्या म्हाताऱ्याची नाडी हिच्याशिवाय कुणाला सापडायची नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघतो, आणि घरी येऊन हिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघतो. एकदा वैतागून विचारलं, "अगं, तुझं लग्न माझ्याशी झालंय की त्या म्हाताऱ्याशी?" तर म्हणाली, "तो निदान बसला की कळवतो तरी." घ्या! बोलायची सोय नाही.

सासूबाई माझ्या मेहुण्याकडे असतात, दिवसभराच्या प्रवासावर. त्या विसरायला लागल्या होत्या. आधी गॅस बंद करायला, मग शेजाऱ्यांची नावं, मग नातवंडांची. ही रोज संध्याकाळी त्यांना फोन करायची आणि त्या रोज विचारायच्या, "कधी येणार गं तू?" डॉक्टरांनी मेहुण्याला स्पष्टच सांगितलं, माणसं ओळखू येताहेत तोवर भेटून घ्या. हिला महिनाभर जाऊन आईपाशी राहायचं होतं. एवढंच. जगावेगळं काही मागत नव्हती. पण साहेबांचं एक पालुपद ठरलेलं. "जा की, जरूर जा. पण मागे म्हातारा बसला तर?" एकदा तर स्टेशनावरून परत बोलावली तिला. बॅग माझ्या हातात देऊन सरळ रिक्षात बसली, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. माझं डोकं असं तडकलं होतं!

शेवटी तिनेच साहेबांच्या मागे लागून क्लस्टर मंजूर करून घेतला. जेवताना मला समजावून सांगितलं. एका मशीनच्या जागी तीन मशीन. प्रत्येक रिपोर्टची प्रत तिघांकडे. तिघांपैकी दोघांचं जमलं की नोंद पक्की. एखादा पडला तर उरलेले दोघं गाडा ओढतात, आणि काउंटरवरच्या माणसाला पत्ताही लागत नाही.

"दोघांचं एकमत? आपल्या घरात कधी झालंय का?" मी म्हणालो. ती हसली नाही. हसायचंही त्राण नव्हतं तिच्यात.

लॅबच्या तळघरात मशीनची खोली आहे. एसी असा की ऐन उन्हाळ्यात ही माझा जुना स्वेटर घालून बसायची. तिथे लोखंडी तीन कपाटं, आणि प्रत्येक कपाटात एक मशीन. "तिन्ही एकातच का नाही ठेवत? ये-जा तरी वाचेल," मी आपलं विचारलं. "एका कपाटाची वीज गेली तर तिन्ही प्रती एकदम जातील ना! दुसरी खोली काही मिळणार नाही. मग निदान कपाटं तरी वेगळी," ती म्हणाली. म्हणून प्रत्येक कपाटाला स्वतंत्र यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर मशीन तगवणारी बॅटरी; एक नवा, दोन जुने. कोणतं मशीन कुठल्या कपाटात, हेही क्लस्टरला तिनेच भरून दिलं होतं. मग घड्याळांनी छळलं. एका मशीनचं घड्याळ जरा मागे पडलं की बाकीचे दोघं त्याला वाळीत टाकायचे. ते जुळवता जुळवता हिच्या नाकी नऊ आले.

चाचणीच्या दिवशी साहेब जातीने हजर होते. भर गर्दीच्या वेळी हिने एक मशीन बंद केलं. काउंटरवर रिपोर्ट छापले जात राहिले. ते चालू करून दुसरं बंद केलं, मग तिसरं. कुठे काही खळखळ नाही. साहेब म्हणाले, "वा! आता खुशाल जा." घरी येऊन तिने स्वतः माळ्यावरची बॅग काढली, आणि कपडे भरताना चक्क गुणगुणत होती. तिला गाताना मी किती काळाने ऐकलं, देव जाणे.

निघायच्या आदल्या दिवशी ती तळघरात राहिलेला स्वेटर आणायला गेली आणि दारातच थबकली. खोली शांत होती. दोन जुने यूपीएस सारखे टूं टूं करायचे, ते गप्प होते. तिने वायरमनला बोलावलं.

"ताई, ती कटकट मीच मिटवली," तो खुशीत म्हणाला. "बॅटऱ्या उतरल्यात हो त्यांच्या. म्हणून तिन्ही कपाटं नव्या यूपीएसवर घेतली. वायरी कशा सुबक बांधल्यात बघा!"

बिचाऱ्याने चांगल्या मनानेच केलं होतं. पण त्यामुळे तो एक यूपीएस गेला की तिन्ही मशीन एकदम गार. आणि एकेक मशीन बंद करून घेतलेल्या चाचणीत हे दिसणार कसं?

"क्लस्टरला वाटतंय आपण वेगवेगळे आहोत," ती घरी येऊन म्हणाली. "मीच तसं सांगितलंय ना त्याला." साहेबांना सगळं सांगून आली होती. नव्या बॅटऱ्या यायला वेळ लागणार होता. तोवर रजा नाही.

मी भडकलो. "तू गप्प बसली असतीस तर कुणाच्या बापाला कळलं असतं?"

"कुणाला नसतं कळलं," ती म्हणाली. "पण मी आईपाशी बसून कान इकडेच लावले असते. असलं जाणं काय कामाचं?" आणि बॅगेतली एकेक साडी काढून परत कपाटात ठेवायला लागली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. रडू येत होतं मला, खोटं कशाला सांगू?

बॅटऱ्या येण्याआधीच मेहुण्याच्या बायकोचा फोन आला. आईंनी आज यांना, म्हणजे स्वतःच्या मुलाला, 'आपण कोण?' म्हणून विचारलं. ही ऐकून नुसती "बरं" म्हणाली आणि कामाला गेली.

अखेर बॅटऱ्या बसल्या. या वेळी तिने मशीन नाही, एकेक यूपीएसच बंद करून पाहिला. कपाट काळंठिक्कर पडलं, पण रिपोर्ट चालू राहिले. आम्ही निघालो. गाडीत ती सारखी फोनकडे बघत होती.

"वाजला का?"

"नाही."

"मग झोप की गं बाई!"

माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती तोंड उघडं टाकून झोपली. पार मेहुण्याच्या गावापर्यंत.

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. ही समोर जाऊन बसली. त्यांनी नीट निरखून बघितलं आणि अदबीने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

"आई, मी आलेय."

"बसा हं," त्या म्हणाल्या, आणि सुनेकडे बघायला लागल्या.

ही रडली नाही. तिने आईचे केस विंचरले, चादर बदलली, हाताने भरवलं. संध्याकाळ झाली तशा सासूबाई अस्वस्थ झाल्या. उशाचा फोन हातात घेऊन सारख्या म्हणायला लागल्या, "आज माझ्या लेकीचा फोन कसा नाही आला?"

 ही उठली, आपला फोन घेऊन बाहेर जिन्यात गेली. उशाचा फोन वाजला. सासूबाईंचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. "बोल गं बाळा! केव्हाची वाट बघतेय. कधी येणार तू?"

मी दारात उभा होतो. मला दोघींचं ऐकू येत होतं.

"येते गं आई. बरी आहेस ना? कुणी आहे का तुझ्याजवळ?"

"आहे ना. एक बाई आल्यात आज. फार मायेने करतात गं माझं. पण इतक्या दमलेल्या दिसतात बिचाऱ्या! घटकाभर पडा म्हटलं तर ऐकत नाहीत. तू तरी सांग बाई त्यांना."

जिन्यात ती हळूच पायरीवर टेकली.

"सांगते हं, आई," ती म्हणाली.