न दिसणारा टाका

धुकं इतकं दाट, की समोरच्या कुलूपवाल्याचं दुकान दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. ढगोबा दाराशी बसून जुन्या गादीचा कापूस पिंजत होता. केसांत, भुवयांत कायम कापूस, म्हणून गल्लीने गादीवाल्याचं हे नाव ठेवलेलं. तोंडाला फडकं बांधूनही मधूनच छातीत शिट्टी वाजे. दमा जुना, साखर त्याहून जुनी. मागच्या थंडीत फ्लूने त्याची छातीच धरली होती. बायको ऑक्सिजनच्या नळीकडे बघत उशाशी बसून होती. यंदा गारठा पडला तशी तिची झोप उडाली.

"अहो, दवाखान्यात फ्लूची लस आलीय. उठा."

"घेतली होती की मागं कधीतरी. एकदा टोचलं, काम संपलं. दरवर्षी काय अंगाची चाळण करू?"

एवढ्यात जिची गादी होती ती बाई डोकावली. "दादा, अजून पिंजताय? गेल्या वर्षीच तर केली होती."

ढगोबाची टकळी सुरू झाली. "ताई, कापूस बसतो. माणूस रोज झोपणार, ओल धरणार. वर्षाला मोकळा केला नाही, तर फळी पाठीला लागते. एकदा भरली म्हणजे झालं, असं नसतं."

"ऐकलंत ना?" बायको आतूनच म्हणाली. "गिऱ्हाइकाला शहाणपण, आणि स्वतःची छाती बसली तरी चालेल."

बाई तोंडावर पदर धरून हसली. ढगोबाने हातातली काठी खाली ठेवली.

दवाखान्यात दंड उघडा करताना त्याने सिस्टरला विचारलं, "मागचीच लस का?"

"नाही काका. फ्लू सारखं रूप पालटतो. देशोदेशीच्या आजाऱ्यांचे नमुने तपासतात, मग येत्या थंडीसाठी लस नव्याने ठरवतात. आणि आधीच्या लशीचा जोरही ओसरतो. दमा, साखर असणाऱ्यांनी तर चुकवूच नये."

"मग ताप येणारच नाही?" बायकोने विचारलं.

"येऊ शकतो. पण मागच्यासारखं आडवं पाडायची शक्यता कमी."

ढगोबा दंडाकडे बघत राहिला. कुठे कोण शिंकलं असेल, कुणी ती शिंक निरखली असेल, आणि ते सगळं शेवटी या गल्लीतल्या एका कापूसभरल्या माणसाच्या दंडापाशी येऊन पोचलं होतं. त्याची स्वतःची सुई वीतभर, दोरा सुतळीएवढा. टाका घातला की आंधळ्याच्याही हाताला लागे. इथे दंडावर नुसता एक ठिपका.

"झालं? टाका कुठाय?"

"आत. आता अंग आपणहून फ्लू ओळखायला शिकतं. दोनेक आठवडे द्या त्याला."

परतताना तो दंड धरून हळूहळू चालला, कडेवर झोपलेलं लेकरू असावं तसा.

"दुखतंय का?"

"थोडं. आत कारागीर बसलेत गं. एवढं काम चाललंय, अन् आवाज म्हणून नाही."

घरी आल्यावर बायकोने त्याच्या तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं, गाठ नीट ओढून पाहिली. ढगोबाने सुईत दोरा ओवला आणि बाईच्या गादीचा कोपरा मांडीवर घेतला.