पाचवं अंडं

टिटवीची चार अंडी मी उचलून दुसरीकडे ठेवली. मूर्खपणा होता, पण त्या दिवशी मला ती भूतदया वाटली.

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तीस वर्षं गणित शिकवलं. स्टेप्स दिसल्याशिवाय अर्धा मार्कसुद्धा दिला नाही.

लातूरला आमच्या कॉलनीमागे बाग आहे. एप्रिलमध्ये तिथं टिटव्या अंडी घालतात – घरटं वगैरे काही नाही, सरळ उघड्या खडीवर. यंदा वॉकिंग ट्रॅकच्या कडेलाच चार दिसली. कुणाच्या तरी बुटाखाली जातील म्हणून मी ती कुंपणाजवळच्या बोरीखाली नेऊन ठेवली. वर लाल बॉलपेननं १ ते ४ आकडे टाकले... मास्तरची खोड.

संध्याकाळी पाहतो तर टिटवी जुन्याच जागी, तापलेल्या रिकाम्या खडीवर बसलेली. म्हटलं, अंडी परत आणावीत. बोरीखाली एकही नव्हतं. मुंगसानं नेली असणार. त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी वॉचमन माणिकमामांनी गेटचं कुलूप काढलं तसा त्यांच्या मागोमाग आत शिरलो. टिटवी ओरडत उठली. खाली अंडी होती – टोकं आत करून नीट मांडलेली. १, २, ३, ४... आणि एक जास्तीचं. त्यावर लाल शाईत ५.

अक्षर माझंच. माझ्या पाचाची शेपटी वर वळते, पोरं त्यावरून चिडवायची.

"मामा, हे तुम्ही केलं का?"

"मी कशाला हात लावू? मला तर तुमचाच डाऊट येऊन राहिला."

"रात्री गेट बंद होतं ना?"

"हाव. चावी माझ्या करदोट्याला."

झोपेत चालतो का, म्हणून बायकोला विचारलं. ती म्हणाली, रात्रभर घोरत होता, कुठं जाताय.

मे महिन्यात चार पिल्लं निघाली. नर एकटाच त्यांच्यामागे ओरडत फिरतो, वर घार घिरट्या घालते. आई मात्र अजून त्या पाचव्यावर बसून आहे. काल पिल्लं मोजली... तीनच भरली.

हे काय आहे, मला आजही सांगता येत नाही. पण राहवलं नाही, म्हणून आज मामांना विचारलं, "ते पाचवं उचलू का? मग तरी ती पिल्लांकडं जाईल."

मामा म्हणाले, "सर, हात खिशात घाला. आन् उद्यापासून दुसऱ्या बागेत फिरत जावा."